पुढे जाय, माय

सुंदराची आणि माझी ओळख भांडणातून झाली. सुरतेत लिंबायतच्या पालिकेच्या मराठी शाळेत मी दुसरीचा वर्ग घेत होते. तिथले पालक म्हणजे लूमवर, यंत्रमागावर, पाळी करणारे खानदेशी लोक. शाळेच्या दारात चप्पल काढून हात जोडायचे आणि मी काय बोलते ते न ऐकताच "हा बाई, हा बाई" म्हणायचे. ही मात्र पदर खोचून सरळ वर्गात आली आणि टेबलावर हात ठेवून म्हणाली, "बाई, मन्ही पोरले मांगे काबरं बठाडं?"

"तुमची चंचल उंच आहे. ती पुढे बसली की मागच्यांना फळा दिसत नाही."

"उंच शे यामा तिना काय गुन्हा?"

चंचल पहिल्या बाकावर आली आणि तिच्या मागची पोरं वर्षभर माना वाकड्या करून फळा बघत राहिली. सुंदराला त्याचं काहीही वाटलं नाही. माझी मात्र तिच्याशी गट्टी जमली.

ती लग्न होऊन अमळनेर तालुक्यातून सुरतेत आली होती. नवरा निंबा लूमवर, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. सुंदरा घरबसल्या साड्यांवर टिकल्या चिकटवायची. पण तिची खरी ओळख गल्लीत वेगळीच होती. कुणाचं बाळ रडायचं थांबत नसलं की सुंदराकडे, कुणाची मान आखडली की सुंदराकडे. रविवारी दुपारी तिच्या दारात पोरींची रांग लागायची आणि ती एकेकीच्या डोक्यावर तेल थापून वेण्या घालून द्यायची, वर टपल्याही मारायची. बोलताना समोरच्याच्या दंडाला हात लावल्याशिवाय तिचं वाक्य पुरं होत नसे. मला सुरुवातीला ते जरा जास्तच वाटायचं. मी पडले नाशिककडची, आमच्यात बोलतानासुद्धा अंतर ठेवतात.

मग चौऱ्याण्णवचा सप्टेंबर आला. तापीचं पाणी वस्त्यांत शिरून ओसरलं होतं, चिखल तसाच होता आणि एके दिवशी दुपारपासून एकच शब्द कानावर यायला लागला, प्लेग. कुणी म्हणे कतारगामला घराघरात माणसं पडलीत, कुणी म्हणे पाण्यात विष आहे, कुणी म्हणे सरकार शहर बंद करणार, मग आत राहील तो मेला. कुणाचं खरं, कुणाचं खोटं, विचारायला वेळ कुणाला होता? खासगी दवाखान्यांना कुलपं लागली. डॉक्टरच पळाल्यावर रोग्यांनी काय करावं! आम्हीही पळालो. माझे यजमान श्रीकांत बँकेत होते, त्यांनी कशीबशी एक जीप मिळवली. माहेरी नाशिकला मला दारातच आंघोळ घालायला लावली, कपडे जाळले, पण घरात घेतलं. सुंदराच्या नशिबी तेवढंसुद्धा नव्हतं.

ती, निंबा आणि चंचल उधना स्टेशनावरून भुसावळच्या पॅसेंजरमध्ये लोंबकळत गावी गेले. गावाचं नाव मी सांगत नाही. त्या महिन्यात खानदेशातली कितीतरी गावं तशीच वागली, एकाचीच बदनामी कशाला? गावाच्या शिवेवर काठ्या घेऊन माणसं उभी होती. सुरतेहून आलेल्यांनी गावात यायचं नाही. निंबाचा सख्खा चुलतभाऊ त्यात होता. त्याने लांबूनच हात जोडले आणि बाहेरच्या एका पडीक खळ्याकडे बोट दाखवलं. त्या खळ्यात अशी आणखी काही घरं येऊन पडली होती, सगळी सुरतेचीच. भाकऱ्या गावातून यायच्या, पण बांधावर ठेवून माणूस मागे फिरला की मगच यांनी उचलायच्या. आगीतून निघून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

त्या खळ्यात धुरपदाबाई नावाची एक म्हातारी होती, लिंबायतचीच. तिला ताप भरला. कसला ताप ते कधीच कळलं नाही, कारण डॉक्टर तिकडे फिरकला नाही. हिवताप असेल, साधा पडशाचा तापही असेल. पण बाकीचे लोक खळ्याच्या दुसऱ्या टोकाला सरकले आणि तिच्याजवळ एकटी सुंदरा राहिली. तिला कोण अडवणार? तिने म्हातारीचे पाय चेपले, तांब्याने पाणी पाजलं. तिच्या हातचं पाणी पिऊन म्हातारीने डोळे मिटले.

गावाला ही बातमी कळली आणि गावाने मरीमायचा गाडा काढला.

शहरातल्या वाचकांना हा प्रकार ठाऊक नसेल. रोगराई आली की लाकडाचा एक लहान गाडा करतात, त्यात मरीमाय बसवतात. घराघरातल्या बाया तिची ओटी भरतात, हिरव्या बांगड्या, नारळ, लिंबू गाड्यात टाकतात, म्हणजे घरातलं दुखणं त्यात गेलं. मग डफ वाजवत पुरुष तो गाडा लोटत गावाबाहेर नेतात आणि शिवेपलीकडे सोडून मागे न बघता परततात. त्यातल्या नैवेद्याला कुणी हात लावायचा नसतो. पुढच्या गावाला तो सापडला की त्याने आणखी पुढे लोटायचा. आपल्या दारातली पीडा दुसऱ्याच्या दारात, असा हा सरळ हिशोब आहे. मी या रीतीला हसत नाही. ज्या गावाला डॉक्टर दिसत नाही त्याने दुसरं काय लोटायचं?

पण त्या दिवशी गाडा शिवेपलीकडे नेला तो खळ्याच्या वाटेने. सुंदरा चुलीपाशी बसली होती. गाड्याचं चाक दगडात अडकलं आणि गाडा तिच्या पुढ्यातच कलंडला. लिंबं घरंगळत तिच्या लुगड्यापाशी आली. लोटणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गाडा तिथेच टाकून ते पळाले. मागे वळून बघायचं नव्हतं, म्हणून कुणी पाहिलंही नाही. दिवाळीपर्यंत ही माणसं त्या गाड्याच्या शेजारी झोपली.

हे सगळं मला निंबाने सांगितलं, पण फार उशिरा. मला आधी दिसलं ते चंचलचं डोकं.

दिवाळीनंतर शाळा भरली. शहरात नुसती धांदल चालली होती. पालिकेची माणसं फवारे मारत होती, गटारं उपसत होती, गोळ्या वाटत होती. कुठे किती उंदीर मेले याचे आकडे रोज पेपरात. आणि पहिल्या बाकावर ती उंच पोर बसली होती, केसांच्या जटा झालेल्या, फ्रॉकची बटणं उलटी लावलेली. मी विचारलं, "काय गं, आई वेणी नाही घालत?"

"आई हात लावत नाही," ती म्हणाली. पोरं शाळेत शुद्ध बोलायची, घरची बोली घरी ठेवायची.

"रागावली आहे का तुझ्यावर?"

चंचलने नकारार्थी मान हलवली. "ती म्हणते, तिने हात लावला की मी मरेन."

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले. सुंदरा भिंतीला चिकटून बसली होती. दोन्ही तळवे काखेत घट्ट दाबलेले. मी पुढे पाऊल टाकलं तशी ती किंचाळली, "बाई, तठेच थांबा!" मग आवाज खाली आणून तिने सांगितलं, "मन्हा आंगवर ती बठेल शे. गाडा मन्हा दारमा पडना. मन्हा हातनं पानी पिनी आन म्हतारी गयी." ते बोलणं वेड्याचं वाटत नव्हतं. नळाला पाणी किती वाजता येतं हे सांगावं तशा सुरात ती सांगत होती.

स्वयंपाक ती करत नव्हती. शेजारच्या पुष्पाबाई भाकऱ्या थापून द्यायच्या. ताट ती लाटण्याने चंचलकडे सरकवायची. झोपताना मध्ये ट्रंक ठेवायची. पोर रात्री तिच्याकडे सरकली तर ती उठून दाराबाहेर जाऊन बसायची, थंडीत. दिवसातून कितीदा तरी चंचलला लांबूनच फ्रॉक वर करायला लावून काखेत, जांघेत गाठ आली का ते बघायची. पोरीला त्याची लाज वाटायची आणि ती मुकाट्याने दाखवायची.

खरं सांगायचं तर त्या गल्लीत धड कोणीच राहिलं नव्हतं. एकजण रोज फिनेलने आंघोळ करायचा, त्याची कातडी सोलून निघाली होती. एक म्हातारा गाठोडं बांधून उशाशी घेऊनच झोपायचा, रेल्वेची शिटी वाजली की उठून बसायचा. पुष्पाबाई पोरांना प्लेगवरच्या कॅप्सूल चारायच्या, संपल्या तरी दुकानातून आणून. पण हे सगळे कामावर जात होते, हसत होते, म्हणून बरे समजायचे. सरकारने उंदरांवर विष टाकलं. माणसांच्या मनात जे शिरलं होतं त्याची चौकशी करायला एकही फवारावाला आला नाही. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला.

डिसेंबरात पोर भाजली. चंचलने थंडीत हात शेकायला स्वतःच स्टोव्ह पेटवला आणि फ्रॉकच्या घेराने पेट घेतला. सुंदरा खोलीतच होती, चार पावलांवर. ती धावली, आणि पोरीपाशी येऊन तिचे हात हवेत थांबले. ती भिंतीकडे मागे गेली आणि ओरडायला लागली, "कोणी या वं! मन्ही पोर जळी ऱ्हायनी! कोणी या वं!" पुष्पाबाई गोधडी घेऊन आल्या आणि पोरीला त्यात गुंडाळलं. पोटरीवर भाजलं तेवढ्यावर निभावलं. त्या मला सांगत होत्या, "बाई, आई शे का कोन शे! पाय जमीनले चिकटी गयात तिना." सांगताना त्यांना रडू फुटलं.

गल्लीचं मत पडलं की बाईला लागीर झालंय, भगत बोलवा. मी म्हटलं, आधी दवाखाना. बरीच वादावादी झाली. मी मास्तरीण, आवाज मोठा, शेवटी मीच जिंकले. निंबा, मी आणि सुंदरा मोठ्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडे गेलो. रिक्षात ती टोकाला बसली, अंगाचं मुटकुळं करून.

डॉक्टर तरुण होते, हिंदीत बोलत होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, गाड्याची गोष्टसुद्धा, आणि हसले नाहीत. गोळ्या लिहून देताना मला म्हणाले, "भागके जो वापस आये, उनमें ऐसे कितने होंगे, किसी ने पूछा ही नहीं. जो यहाँ तक पहुँच गया, बस वही दिखता है." मग निंबाकडे वळून त्यांनी सावकाश बजावलं, "इसको अकेला मत छोड़ना. और जबरदस्ती हाथ मत लगाना. डर और बढ़ेगा. जिस दिन ये खुद हाथ लगाये, समझना आधा काम हो गया."

बाहेर आल्यावर मी निंबाला बाजूला घेतलं. तो शांत माणूस, मान खाली घालून चालणारा. मी विचारलं, "निंबाभाऊ, तुम्ही तिच्या हातचं पाणी पिता का?"

"ती देतच नई, बाई."

"दिलं तर प्याल?"

तो चपलेच्या टोकाने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "गाडा मी बी देखेल शे." एवढंच. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण इथे तर ब्रह्मराक्षस एकाच खोलीत दोघांनी पाहिला होता. नवराच जर तिच्याजवळ जायला धजत नाही, तर आपल्यात काही नाही हे ती कुणाच्या तोंडाकडे बघून मानणार? गोळ्या झोप देतील. पण जागी झाल्यावर ती नवऱ्याचे डोळे बघणारच.

गोळ्यांनी झोप आली खरी. संक्रांतीपर्यंत तिचे डोळे जरा निवळले, ओरडणं थांबलं. आम्हाला वाटलं, उतार पडतोय.

संक्रांतीनंतरचा एक दिवस. शाळा सुटायच्या बेताला पुष्पाबाई धापा टाकत आल्या, पण आनंदाने. "बाई, सुंदरा बरी व्हयनी! सकायमा न्हाईधुईसन तयार व्हयनी, हिरवं लुगडं नेसनी, समदा घरले हळदीकुंकूले गयी!" प्रत्येक दारात उभी राहून ती म्हणाली होती, मन्ही ओटी भरा. आत मात्र गेली नाही, पदर पसरून उंबऱ्याबाहेर थांबली. बायांना भरून आलं. इतक्या महिन्यांनी बाई चार माणसांत आली, त्यांनी हात राखला नाही. तीळगूळ, बोरं, उसाची कांडी, बांगड्या, कुणी नारळ घातला. कुणी तरी चेष्टाही केली की हळदीकुंकू संध्याकाळचं असतं, हिला सकाळीच घाई.

मलाही इतका आनंद झाला की मी वर्गातल्या पोरांना घंटेआधीच सोडून दिलं.

"आणि एक गंमत," पुष्पाबाई हसत म्हणाल्या, "तीळगूळ दिधा तरी प्रत्येक घरमा लिंबू मांगे. म्हने, लिंबू घाला माय, घरमा काय दुखनं व्हई ते मन्हा पदरमा घाला."

तेवढ्यात निंबा फाटकातून धावत आला. रातपाळीहून येऊन तो दुपारभर झोपला होता, उठला तर सुंदरा खोलीत नव्हती. पुष्पाबाईंनी त्यालाही तेच सगळं हसत सांगायला सुरुवात केली. लिंबाचं नाव निघालं आणि त्याने त्यांना मध्येच तोडलं.

"तुम्ही तिना गाडा करेल शे," तो म्हणाला. "तुम्ही समद्यासनी मिळीसन तिना गाडा करेल शे."

पुष्पाबाईंचं हसू थांबलं. त्या खानदेशच्याच होत्या, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबू, घरोघरची ओटी. आमच्या गल्लीने प्रेमाने, हसत, कुंकू लावून त्या बाईला शिवेबाहेर लोटलं होतं. गाडा मागे फिरत नाही. आता ती चालत राहणार होती, आणि चालता चालता कुठल्या तरी रुळावर, कुठल्या तरी विहिरीपाशी संपणार होती, म्हणजे तिची पोर वाचणार.

"बाई, शहरनी शीव कोठे शे?" निंबाने मला विचारलं.

गावाची शीव पोराटोरांना ठाऊक असते. सुरतेची शीव मला कुठे माहीत होती? इच्छापोरकडे जावं की जकात नाक्याकडे? मग तोच म्हणाला, "तिले एकच रस्ता माहीत शे. रेल्वेना." चंचलला पुष्पाबाईंकडे सोपवून आम्ही रिक्षा केली आणि उधन्याहून रुळाच्या कडेकडेने निघालो.

त्या वाटेवरची भीती मी अजून विसरलेले नाही. गाडी धडधडत गेली की निंबा डोळे मिटून घ्यायचा. रुळावर काही पडलेलं दिसलं की मी रिक्षा थांबवायचे. जवळ गेल्यावर ते पोतं निघायचं, नाहीतर मेलेलं कुत्रं. नियोलच्या अलीकडे एका फाटकावर फाटकवाल्याने सांगितलं, हो, हिरव्या साडीतली बाई गेली, ओटी भरलेली होती. "मने थयुं के पियर जाय छे," तो म्हणाला. त्याला वाटलं, माहेरी चाललीय. पुढे एका पाड्यावर बायकांनी तिला पाहिलं होतं, पण बोलायला कुणी तयार होईना. घरांची दारं दिवसाढवळ्या लावलेली होती.

चलथाणच्या पुढे उसाचे फड लागले. तोडणीवाल्यांच्या कोप्या होत्या, पाचटाच्या. त्यातली बरीच माणसं खानदेशाकडची, डांगाकडची. आमची रिक्षा थांबली तशा बाया पोरांना छातीशी धरून आत गेल्या. एक म्हातारी तेवढी बाहेर राहिली. निंबाने अहिराणीत विचारलं तेव्हा तिला बोलता आलं.

"ऊनी व्हती. आम्ही पाया पडनूत. बांगडी घाली, नारळ दिधा. आन सांगं, पुढे जाय, माय. आम्हना पोरे लहान शेत."

माझ्या तोंडाशी शिव्या आल्या. दिवसभर चाललेली बाई तुमच्या दारात उभी राहते, आणि तुम्ही तिला कुंकू लावून हाकलता! पण त्या कोप्यांकडे पाहिलं आणि शिव्या गिळल्या. तिथे एक पोर पाचटावर पडलं होतं, डोळे तापाने लाल. त्याला कोण बघायला येणार होतं? भ्यालेली माणसं भ्यालेल्या बाईला पुढे लोटत होती, आणि या लोटण्याला कुठे शेवटच नव्हता.

दिवस कलला होता. फडाच्या टोकाला रुळाचा भराव होता, त्याच्या पायथ्याशी हिरवं लुगडं दिसलं. सुंदरा उभी होती. पदराचं ओझं दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं, कपाळभर इतकं कुंकू की चेहरा ओळखू येईना. पायात चपला नव्हत्या. मी धावणार तोच निंबाने माझा हात धरला.

"चंचलना बाप, पुढे येऊ नका," ती म्हणाली. "माले जाऊ द्या. मी गयी म्हंजे पोर वाची."

"कोठे जाशी?"

"शीव लागी तठपावत." मग तिचा आवाज चिरकला. "पन शीव लागतच नई. समदा लोके पुढे जाय, पुढे जाय म्हनतस. मन्हा पाय दुखतस."

भरावावरून मालगाडी येत असल्याचा आवाज लांबून यायला लागला. तिने मान वळवून तिकडे पाहिलं. ओढायला गेलो तर ती वर चढणार, नाही गेलो तरी चढणार. मी मनातल्या मनात डॉक्टरांना, देवाला, सगळ्यांना हाका मारत होते.

निंबा खाली बसला. तिच्यापासून चार हातांवर, उसाच्या पाचटात, मांडी घालून.

"माले भूक लागेल शे," तो म्हणाला. "रातपाळीपशी काही खादं नई. तुन्हा ओटीमा काय शे?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "ते मरीमायनं शे. त्याले हात लावतस का?"

"तुन्हा पदरमा शे. मंग ते तुन्हं." आणि बसल्या बसल्या पुढे सरकून त्याने तिच्या पदराचं टोक ओढलं. ओटी सांडली. बोरं, बांगड्या, तीळगूळ, लिंबं सगळीकडे पसरली. निंबाने तीळगुळाचा एक लाडू उचलला. हा माणूस सुशिक्षित नव्हता, कुणी त्याला जंतूंचं शास्त्र शिकवलं नव्हतं. त्या लाडवात मरण आहे असंच तो मानत होता. आणि त्याने तो तोंडात टाकला.

"थुका!" सुंदरा किंचाळली. "थुका ते! मरशात तुम्ही! पोरले कोन देखी?"

त्याने चावून गिळला. मग बोरं खाल्ली, मूठभर, बियांसकट. मग एक लिंबू उचललं. सगळ्या गल्लीचं दुखणं ज्यात घातलं होतं ते लिंबू त्याने सालीसकट दातांनी फोडलं आणि खाल्लं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते लिंबाचं की भीतीचं कोण जाणे. मालगाडी वरून धडधडत निघून गेली. सुंदराने तिच्याकडे पाहिलं नाही. ती निंबाच्या तोंडाकडे बघत होती.

खाऊन तो थांबला. दोघं एकमेकांकडे बघत होती, ती त्याला काय होतंय हे बघायला आणि तोही स्वतःला काय होतंय याची वाट बघत. त्याचं अंग थरथरत होतं. ते थरथरणं तिच्या नजरेतून सुटलं नाही.

ती खाली बसली. गुडघ्यांवर सरकत त्याच्याजवळ आली. तिचा हात वर आला, हवेत थांबला, मागे गेला. मग तिने तळवा त्याच्या कपाळावर टेकवला, आणि उचलला नाही.

"आंग तं थंड शे," ती पुटपुटली. तिने त्याची मान चाचपली. मग सदऱ्याच्या आत हात घालून दोन्ही काखा, बोटांनी दाबून, नीट. त्या सप्टेंबरात स्टेशनावर सरकारी डॉक्टर उतारूंना तपासत होते तसंच. निंबा शहाण्या पोरासारखे हात वर करून बसला होता आणि रडत होता.

"आते काही नई," ती म्हणाली. "पन सकायले परत देखनं पडी."

मग तिला काही तरी आठवलं. ती उठली, पाय टेकवेनात म्हणून तिने निंबाच्या खांद्याचा आधार घेतला.

"उठा," ती त्याला म्हणाली. "पोर एकली शे."